लामावरून (लढाईवरून) न परतलेल्या पूर्वजाचा शोध : दोन्ही महायुद्धांतील मराठी सैनिकांच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

सातारा, रत्नागिरी, पुणे, अहमदनगर या जुन्या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या चावडीत, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. नावे बहुधा नसतात. ज्या घरातला माणूस गेला त्या घरातही पुष्कळदा ‘आजोबांचा थोरला भाऊ जर्मनच्या लढाईत गेला, बसऱ्याकडे कुठेतरी वारला’ याच्यापलीकडे माहिती उरलेली नसते. पहिल्या महायुद्धात अविभाजित हिंदुस्थानचे सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० सैनिक मरण पावले. त्यांतील बहुतेकांची नोंद आज संगणकावर शोधता येते. तरीही मराठी कुटुंबांना ती सापडत नाही, याचे मुख्य कारण असे की शोध आडनावापासून सुरू केला जातो. आडनाव हा या कामातील सर्वांत कच्चा धागा आहे. पलटण, गाव आणि वडिलांचे नाव हे तीन पक्के धागे हाती घेतल्यानंतरच नोंदींकडे वळावे.

पहिली पायरी : घरातील वस्तू आणि घरातील तिथी

प्रथम पेट्या, ट्रंका आणि देवघर पाहावे. पहिल्या महायुद्धाची पदके असतील तर ती पुसून चकचकीत करण्याच्या मोहात न पडता भिंगातून त्यांच्या कडा वाचाव्यात. गोल पदकांच्या कडेवर आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या मागील बाजूवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि ही एकच ओळ पुढचे अर्धे काम करून देते. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव बहुधा नसते. परंतु इटली, आफ्रिका किंवा ब्रह्मदेश यांच्या नावाचे तारे असल्यास माणूस कोणत्या आघाडीवर होता हे त्यांवरून कळते. काही घरांत सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची एक जड काशाची तबकडी सापडते, जिच्यावर त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि सिंह यांची आकृती असून चौकटीत मृताचे नाव उठावदार अक्षरांत असते. ती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्याच्या वारसांना दिली जात असे. तिच्यावर हुद्दा किंवा क्रमांक नसतो, त्यामुळे तिचा उपयोग मुख्यतः नावाचे इंग्रजी स्पेलिंग समजण्यासाठी होतो. पण तो उपयोग मोठा आहे, कारण सरकारी नोंदीत तेच स्पेलिंग असण्याचा संभव असतो.

फोटो असल्यास टोपीवरील बिल्ला, खांद्यावरील अक्षरे आणि फोटोच्या मागील छायाचित्रकाराचा शिक्का यांचे स्वतंत्र मोठे फोटो काढून ठेवावेत. पेन्शनचे कागद, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीतून आलेले पत्र यांतील प्रत्येक आकडा जसाच्या तसा उतरवून घ्यावा, कारण आज निरर्थक वाटणारा आकडा उद्या सैनिक क्रमांक निघू शकतो.

यानंतर घरातील ज्येष्ठांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, श्राद्धाची तिथी विचारावी. या साधनाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एखाद्या पूर्वजाचे श्राद्ध पितृपक्षात नेहमीच्या तिथीऐवजी चतुर्दशीला होत असेल, तर तो शस्त्राघाताने गेला असे घरच्यांनी मानले होते असा अर्थ होतो, कारण ती चतुर्दशी तशा मृतांसाठीच राखलेली आहे. सर्वपित्री अमावास्येला होत असेल तर मृत्यूची तिथी घरी कळलीच नसावी. वार्षिक श्राद्धाची ठरावीक तिथी चालत आलेली असेल, तर जुन्या पंचांगावरून तिची इंग्रजी तारीख काढून नोंदीशी ताडून पाहता येते. मात्र ती प्रत्यक्ष मृत्यूची नसून तार किंवा पत्र गावात पोचल्याची तिथी असू शकते, ही शक्यता गृहीत धरावी. देवघरात ‘वीर’ म्हणून वेगळा टाक पुजला जात असेल तर तो कोणाचा, हेही विचारून लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : गाव, वडिलांचे नाव आणि महसुली दप्तर

लष्करी नोंदीत मराठी सैनिकाची ओळख बहुधा ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ अशी दिलेली असते. त्यामुळे वडिलांचे नाव आणि मूळ गाव निश्चित असल्याखेरीज समोर आलेली नोंद आपलीच आहे असे म्हणता येत नाही.

हे दोन्ही तपशील पक्के करण्यासाठी महसुली कागदांइतके भरवशाचे दुसरे साधन नाही. घरातील माणूस मेला की जमिनीला वारस लावावे लागत आणि त्याचा फेरफार गाव नमुना ६ मध्ये नोंदवला जाई. कित्येकदा फेरफाराच्या मजकुरातच मृत्यूचे कारण आणि अंदाजे काळ येतो. नाही आला तरी ज्या वर्षी नाव कमी झाले ते वर्ष मिळते. तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यावी. बऱ्याच जिल्ह्यांतील जुने फेरफार स्कॅन झालेले असून ते महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ किंवा लोकांच्या तोंडी असलेले ‘कोतवाल बुक’, जातीच्या दाखल्यासाठी अनेकांनी पूर्वीच काढलेले असते, तेव्हा आधी भाऊबंदांकडे चौकशी करावी. परदेशात झालेला मृत्यू या वहीत असेलच असे नाही, परंतु भावंडांचे जन्म आणि वडिलांचे नाव तिथे नक्की होते.

जुनी पाने मोडीत असतील तर अंदाजाने वाचू नये. राज्य पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण दिले जाते, आणि प्रशिक्षित वाचक बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी माफक मोबदल्यात लिप्यंतर करून देतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडे (गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे लोक), तसेच त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे सापडतात. पणजोबांच्या भावाचे नाव कोणालाच आठवत नसेल तर हा मार्ग उपयोगी पडतो.

गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे यापेक्षा मृत्यूच्या वर्षी ते कोणत्या जिल्ह्यात होते हे महत्त्वाचे आहे. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडाचे नाव कुलाबा होते, आणि सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या काळच्या सातारा जिल्ह्यात मोडत होता. कोल्हापूर, सावंतवाडी, जंजिरा, भोर, फलटण ही संस्थाने होती आणि नोंदीत जिल्ह्याच्या जागी संस्थानाचे नाव येते.

तिसरी पायरी : पलटण ओळखणे

‘मराठा पलटणीत होता’ एवढे सांगून भागत नाही, कारण पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या अनेक स्वतंत्र पलटणी होत्या आणि त्यांचे क्रमांक नंतर बदलले. त्या काळी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे क्रमांक होते. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १०३ची पहिली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी आणि ११४ची दहावी बटालियन असे नवे क्रमांक पडले. म्हणून नोंदीत ‘३/५ मराठा’ असे असेल तर ती दुसऱ्या महायुद्धातील पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन समजावी. १९१६ च्या नोंदीत हा क्रमांक शोधणे व्यर्थ आहे.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या, म्हणजेच पूना डिव्हिजनमध्ये होत्या आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत इराकमधील कुत येथे तुर्की सैन्याकडून वेढल्या गेल्या. शरणागतीनंतर कैद झालेल्यांपैकी पुष्कळ हिंदी शिपायांना रास अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर धाडण्यात आले आणि उपासमार, रोगराई व मारहाण यांनी त्यांतील फार मोठा भाग मेला. आपला पूर्वज या पलटणींपैकी एकीतला असून मृत्यू १९१६ च्या मध्यानंतरचा असेल, तर तो लढताना पडला असे धरून चालण्याआधी कैदेतील मृत्यूची शक्यता तपासावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातील कैद्यांची कार्डे आणि याद्या ऑनलाइन खुल्या केल्या आहेत.

मराठी माणसे केवळ मराठा पलटणीत होती असेही नाही. १९१७ साली उभारलेली १११वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली, आणि आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात नव्याने सुरू झाली. म्हणून पहिल्या महायुद्धातील महार सैनिकाचा शोध घेताना आजच्या रेजिमेंटच्या दप्तरावर भिस्त ठेवू नये. बॉम्बे पायोनियर १९३३ मध्ये मोडले गेले. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, तोफखाना, पुरवठा दल, इस्पितळे यांतूनही लोक गेले. भिस्ती, आचारी, खेचरवाले, हमाल, झाडूवाले असे बिनलढाऊ नोकर घरच्या आठवणीत ‘मिलिटरीत’ म्हणूनच राहिलेले असतात, पण नोंदीत ते वेगळ्याच खात्याखाली असतात. या लोकांच्या वाट्याला मरणानंतरही कमी लेखले जाणे आले, असे माझे स्पष्ट मत आहे. शोधणाऱ्याने तरी त्यांना शेवटच्या यादीत टाकू नये.

चौथी पायरी : युद्धमृतांच्या सूचीत शोध

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील युद्धमृतांची सूची उघडावी. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली असून तिच्या सूचीत दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. ती वापरण्यास मोफत आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यूच तिच्यात धरले आहेत.

इथेच आडनावाचा घोटाळा होतो. रंगरुटाचे नाव इंग्रज किंवा परप्रांतीय कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले आहे. जाधव हे नाव शेवटी ‘एव्ही’ ऐवजी ‘एओ’ घेऊन येते, सावंत कधी ‘डब्ल्यू’ने तर कधी ‘व्ही’ने, शिंद्यांतला ‘एच’ गळतो, पवारांचे पोवार होतात, भोसल्यांत मधेच ‘एन’ शिरतो, चव्हाणांचे चोवान होतात. घाडगे आणि घाटगे यांची अदलाबदल तर नित्याचीच. काही नोंदींत आडनाव मुळीच नसून केवळ ‘रामा’ किंवा ‘गणू’ एवढेच असते, आणि काही ठिकाणी वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसलेले असते.

यासाठी प्रगत शोधाचा पर्याय उघडून आडनावाचा रकाना रिकामा ठेवावा. सेवेच्या रकान्यात भारतीय सैन्य निवडावे, रेजिमेंटच्या रकान्यात ‘मराठा’ हा शब्द जुन्या पद्धतीने, म्हणजे ‘एम ए’नंतर ‘एच’ घालून लिहावा, युद्ध निवडावे, आणि अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गावाचे नाव टाकावे. गावाचेही दोन-तीन स्पेलिंगांनी प्रयत्न करावे. जमले नाही तर तालुका आणि मग जिल्हा टाकून येणारी यादी उतरवून घ्यावी आणि वडिलांच्या नावावरून एकेक नोंद गाळत जावी. यादी काहीशे नावांची निघाली तरी घाबरण्याचे कारण नाही, ती एका बैठकीत वाचून होते. गावातील पाटीवर मृतांची संख्या दिलेली असेल तर आपल्याला सापडलेल्या नोंदींची संख्या तिच्याशी ताडता येते.

सैनिक क्रमांकाबाबत एक सावधगिरी बाळगावी. पहिल्या महायुद्धात प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र चालत, म्हणून एकच क्रमांक अनेक पलटणींत सापडतो. क्रमांक आणि पलटण दोन्ही जुळले तरच तो पुरावा मानावा.

सापडलेल्या नोंदीला जोडलेली मूळ कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने असतील तर तीही उतरवून घ्यावीत. टंकलिखित नोंदीत न आलेला एखादा तपशील तिथे हाताने लिहिलेला आढळतो.

पाचवी पायरी : स्मारकाचे नाव समजून घेणे

नोंदीत कबरीऐवजी स्मारकाचे नाव दिसले की कुटुंबे गोंधळतात. हिंदू सैनिकांचे जिथे शक्य होते तिथे दहन झाले आणि त्यांची नावे दहनस्मारकांवर आली. इटलीतील सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानातील दहनस्मारकावर ५०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत; एरिट्रियातील केरेन, तसेच इंफाळ, कोहिमा आणि रंगूनजवळील टौक्यान येथेही अशी स्मारके आहेत. या नोंदीचा अर्थ देह सापडला होता आणि अंत्यविधी झाला होता असा होतो. घरच्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

ज्यांचा देह सापडला नाही किंवा कबर ज्ञात नाही, त्यांची नावे कासिनो, अलामेन, रंगून, सिंगापूर येथील मोठ्या स्मारकांवर आहेत. नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घ्यावे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूचा मशीनगनचा मोर्चा एकट्याने चाल करून काबीज केल्यावर ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कासिनो स्मारकावर आहे, पण ते पडले ती जागा कासिनोच्या बरीच उत्तरेला आहे. मोंतोने गावी २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. स्मारक असलेले गाव म्हणजे मृत्यूचे ठिकाण नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

बसरा स्मारकाची गोष्ट वेगळी आणि अधिक क्लेशकारक आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मरण पावलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचे ते स्मारक. त्याच्या दगडी फलकांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या दिली गेली. कमिशननेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात अशा विषम वागणुकीची कबुली दिली असून, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी असे ४५,००० ते ५४,००० मृत या अन्यायाचे धनी झाले असे म्हटले आहे. बसऱ्याच्या शिपायांची नावे आज सूचीत शोधता येतात, म्हणून ‘दगडावर नाव नाही’ असे ऐकून शोध सोडू नये. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. त्याचप्रमाणे सुएझ कालव्यावरील पोर्ट तौफिकचे हिंदी स्मारक अरब-इस्रायल संघर्षात उद्ध्वस्त झाल्यावर ती नावे कैरोतील हेलिओपोलिस येथे आली. फ्रान्समधील न्यू शापेल येथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक आणि कामगारांची नावे आहेत, आणि दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक.

सहावी पायरी : त्या दिवशी काय घडले

तारीख आणि पलटण कळल्यानंतर पलटणीची युद्धदैनंदिनी वाचावी. या दैनंदिन्या लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. पहिल्या महायुद्धातील फ्रान्स आणि मेसोपोटेमियाच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत असून त्यांचा मोठा भाग उतरवून घेता येतो. दुसऱ्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ १६९, १७० आणि १७२ या मालिकांत अनुक्रमे मध्यपूर्व, इटली आणि ब्रह्मदेशाच्या बाजूचे कागद आहेत.

दैनंदिनीत आपल्या शिपायाचे नाव सापडेल ही अपेक्षा ठेवू नये. अधिकाऱ्यांची नावे असतात, आणि इतरांबाबत ‘आयओआर’ (इंडियन अदर रँक्स, म्हणजे अधिकारी नसलेले हिंदी सैनिक) या अक्षरांपुढे ठार, जखमी, बेपत्ता यांचे आकडे असतात. तरीही त्या दिवशी पलटण कोठे होती, हल्ला कोणत्या वेळी झाला, पाऊस होता की धुळीचे वादळ, अन्न पोचले की नाही, हे सर्व तिथे मिळते. ज्या दिवशी पलटणीची काहीच हानी नोंदलेली नाही त्या दिवशी आपल्या माणसाचा मृत्यू असेल, तर तो जखमांनी किंवा आजाराने मागच्या इस्पितळात गेला असावा. शौर्यपदक मिळालेले असल्यास लंडन गॅझेटचे जुने अंक ऑनलाइन विनामूल्य शोधता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील लष्करी विभागाच्या फायलींची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आहे.

रेजिमेंटच्या केंद्राला पत्र लिहावयाचे असल्यास ते या टप्प्यावर लिहावे, आधी नव्हे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. ‘आमचे पणजोबा लढाईत गेले, माहिती द्यावी’ अशा पत्राला उपयुक्त उत्तर मिळणे कठीण असते. क्रमांक, हुद्दा, बटालियन, मृत्यूची तारीख, गाव, वडिलांचे नाव आणि कमिशनच्या नोंदीची प्रत इतके एका पानावर दिले, आणि नेमका एकच प्रश्न विचारला, तर शोधणाऱ्याचे काम सोपे होते. जी रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली तिचे दप्तर भारतातील कोणत्याही केंद्रात मिळणार नाही.

दर्यावर्दींच्या कुटुंबांसाठी

रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे दर्यावर्दी यांचा शोध वरील मार्गाने लागत नाही. गोवेकर हे पोर्तुगीज प्रजाजन असले तरी ब्रिटिश जहाजांवर मोठ्या संख्येने होते, आणि मेल्यावर त्यांची नोंद हिंदी मर्चंट नेव्हीखाली झाली. म्हणून सूचीत सैन्याऐवजी ही सेवा निवडून जहाजाच्या नावाने शोधावे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा २,००० हून अधिक दर्यावर्दींचे पहिल्या महायुद्धाचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. गोव्याच्या खलाश्यांबाबत धोबी तलाव भागातील त्यांच्या गावच्या कुडींत, म्हणजे गाववार चालणाऱ्या वसतिगृहांत, चौकशी करावी.

१९४७ नंतरचे मृत्यू

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक आणि त्याच्या संकेतस्थळावरील नावांची सूची आधी पाहावी. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकावर २५,००० हून अधिक नावे आहेत. पुढील चौकशीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे.

नोंद चुकीची असेल तर

नोंदीत गावाचे नाव, वडिलांचे नाव किंवा स्पेलिंग चुकलेले आढळल्यास कमिशनकडे दुरुस्तीची विनंती करता येते. केवळ कौटुंबिक आठवण पुरावा म्हणून पुरेशी ठरत नाही. त्या काळचा कागद लागतो, आणि फेरफाराची नक्कल, पेन्शनचा कागद किंवा पदकाच्या कडेचा फोटो इथेच कामी येतो. मराठी किंवा मोडी कागदासोबत त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे आणि भाषांतर कोणी केले ते लिहावे. सूचीत नावच नसेल तर नव्याने समावेश करण्याची मागणीही करता येते. त्यासाठी तो माणूस सैन्यात होता, ठरलेल्या तारखांच्या आत मेला, आणि नोकरीतून सुटल्यावर मेला असल्यास मृत्यू सेवेमुळेच ओढवला, हे दाखवावे लागते. मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नयेत. पाठवलेल्या प्रत्येक पानाची एक प्रत तारीख घालून वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातील निदान आणखी एकाला सांगून ठेवावे.